मुलांनी थांबू न दिलेला कथाकार

एल. फ्रँक बॉम हे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या परिचयाचे नाही. ओझच्या जादूगाराची गोष्ट मात्र अनेकांनी कुठे ना कुठे वाचलेली, ऐकलेली किंवा पडद्यावर पाहिलेली असते. कॅन्ससच्या माळावरून वावटळीने घरासकट उचलून नेलेली डोरोथी, तिचा टोटो नावाचा कुत्रा, मेंदू मागणारे बुजगावणे, काळीज मागणारा पत्र्याचा लाकूडतोड्या आणि धीर मागणारा भित्रा सिंह ही मंडळी इतकी सर्वांची झाली आहेत, की त्यांना कुणा एका माणसाने शिसपेन्सिलीने कागदावर उतरवले असेल हे ध्यानातच येत नाही. त्या माणसाविषयी मला या लेखात सांगायचे आहे. त्यातही त्याच्या आयुष्यातल्या एका झटापटीविषयी. ही झटापट त्याची आणि त्याच्या वाचकांची. वाचक कोण, तर चौथी-पाचवीच्या वयाची मुले. आणि आधीच सांगून टाकायला हरकत नाही, तीत लेखक हरला.

लायमन फ्रँक बॉम यांचा जन्म १५ मे १८५६ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या चिटनँगो या खेड्यात झाला. आपल्याकडे टिळक आणि आगरकर जन्मले तेच हे साल. लायमन हे नाव त्यांना कधीच आवडले नाही, म्हणून ते फ्रँक म्हणवून घेत. नऊ भावंडांतला हा सातवा. वडिलांचा धंदा आधी लाकडी पिंपे बनवण्याचा. पुढे पेनसिल्व्हेनियात जमिनीतून तेल निघू लागले आणि त्या तेलावर घर श्रीमंत झाले. गुलाबांनी वेढलेला प्रशस्त वाडा, घरी शिकवायला येणारे मास्तर, असे बालपण. फ्रँकचे हृदय जन्मापासून दुबळे. पोरगा नुसताच स्वप्ने पाहत बसतो म्हणून बाराव्या वर्षी त्याला लष्करी शिस्तीच्या शाळेत घातले. तिथे तो कसाबसा दोन वर्षे टिकला आणि प्रकृती बिघडून घरी परतला. वडिलांनी मग त्याला एक लहानसे छापयंत्र आणून दिले. त्यावर धाकट्या भावाला हाताशी धरून त्याने घरचेच एक मासिक काढले. शिस्तीने जे साधले नाही ते छापयंत्राने साधले, असे मला वाटते.

यानंतरची वीस-पंचवीस वर्षे मात्र नुसती पडझडीची आहेत. बॉम यांनी कोंबड्या पाळल्या, आणि गंमत अशी की १८८६ साली निघालेले त्यांचे पहिले पुस्तक हॅम्बर्ग जातीच्या कोंबड्यांवरचे आहे. त्यांनी नाटके लिहिली, स्वतः कामे केली, वडिलांनी बांधून दिलेले थिएटर चालवले; ते जळून गेले. ९ नोव्हेंबर १८८२ रोजी त्यांचे मॉड गेज हिच्याशी लग्न झाले. मॉडची आई मटिल्डा जॉस्लिन गेज ही स्त्रियांच्या मताधिकारासाठी झुंजणारी त्या काळची मोठी विदुषी. नाटकवाल्याशी लग्न करायला निघालेल्या मुलीवर ती आधी नाराजच होती. पुढे तिनेच जावयाला, पोरांना रोज सांगता त्या गोष्टी लिहून का काढत नाही म्हणून पाठीस लागून लिहिते केले. चार मुलगे झाले. घराचा हिशेब मॉडच्या हातात, आणि तो होता म्हणूनच घर तगले.

१८८८ साली हे कुटुंब डाकोटाच्या ओसाड मुलुखात ॲबर्डीन या नव्याने वसणाऱ्या गावी गेले. तिथे बॉम यांनी खेळणी, कंदील, चिनी मातीची भांडी असल्या चैनीच्या वस्तूंचे दुकान घातले. दोन वर्षे पाऊस दडी मारून बसला, शेतकऱ्यांचे हात रिकामे झाले, आणि उधारीवर माल देणारे हे दुकान १८९० च्या जानेवारीत बंद पडले. मग त्यांनी एक साप्ताहिक चालवायला घेतले.

या साप्ताहिकाविषयी दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. त्यात बॉम यांनी स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू हिरिरीने मांडली. आणि त्याच साप्ताहिकात, १८९० च्या डिसेंबरात सिटिंग बुल या सू जमातीच्या पुढाऱ्याला ठार केल्यावर, आणि पुन्हा वुंडेड नी येथील हत्याकांडानंतर जानेवारीत, त्यांनी अग्रलेख लिहून तिथल्या मूळ रहिवाशांचा समूळ नायनाट करावा असे सुचवले. मुलांच्या गोष्टीत एका मुंगीलाही दुखवायला तयार नसलेला हा माणूस असे लिहू शकला! त्यांची सासू त्या मूळ रहिवाशांच्या समाजरचनेतला स्त्रीचा मान जगाला दाखवून देत होती. १८९३ साली मोहॉक लोकांनी तिला आपल्या कुळात मानाने दत्तकही घेतले. जावई एका घरात राहून तिच्याकडून अर्धेच शिकला. त्या गावात तेव्हा भीतीचे वातावरण होते, असा खुलासा काही चरित्रकार करतात. शाहू महाराजांच्या करवीरात वाढलेल्या माझ्यासारखीला तो पटत नाही. २००६ साली बॉम यांच्या वंशजांनी सू लोकांची जाहीर क्षमा मागितली. हे सांगून मगच मी पुढच्या गोष्टीकडे वळते, कारण ओझच्या देशाचे कौतुक करताना हे पान लपवणे बरे नव्हे.

साप्ताहिकही बुडाले. १८९१ साली बॉम शिकागोला आले. तिथे वर्तमानपत्रात बातमीदारी, मग चिनी मातीच्या भांड्यांचा फिरता विक्रेता. आठवडाभर आगगाडीने गावोगाव हिंडायचे, पेट्या उघडायच्या, बांधायच्या आणि शनिवारी घरी आले की पोरांना भोवती घेऊन गोष्ट सांगायची. शेजारची पोरेही येऊन बसत. फिरतीने छाती दुखू लागली तेव्हा त्यांनी १८९७ साली दुकानांच्या दर्शनी खिडक्या कशा सजवाव्यात यावरचे एक मासिक काढले, आणि ते चालले! त्याच वर्षी मुलांसाठी पहिले पुस्तक निघाले. १८९९ साली डेन्स्लो या चित्रकाराच्या जोडीने काढलेले बालगीतांचे पुस्तक धडाक्याने खपले. आणि १९०० साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, ओझच्या जादूगाराची गोष्ट बाहेर पडली. जिने ती लिहिली त्या पेन्सिलीचे थोटूक त्यांनी चौकटीत बसवून भिंतीवर टांगले होते.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच बॉम यांनी आपली भूमिका सांगून ठेवली होती. जुन्या परीकथांत मुलांना घाबरवणारे रक्तपात आणि शेवटी चिकटवलेले तात्पर्य असते. आता बोध करण्याचे काम शाळा करते, तेव्हा आपली गोष्ट निव्वळ मुलांच्या आनंदासाठी आहे, असा त्यांचा आशय. हे लक्षात ठेवावे, पुढे त्याची गरज लागणार आहे.

बॉम यांच्या मते ही गोष्ट तिथे संपली होती. डोरोथी घरी पोहोचली, जादूगार फुग्यातून उडून गेला, झाले. त्यांना इतर कितीतरी अद्भुत देश रचायचे होते आणि त्यांनी ते रचलेही. पण १९०२ साली ओझचे संगीत नाटक रंगभूमीवर आले आणि तुफान गाजले. (त्यात टोटोच्या जागी इमोजीन नावाची गाय घातली होती, कारण कुत्र्याचे सोंग रंगमंचावर उठून दिसत नाही!) नाटकाने पुस्तक घरोघर पोचले आणि मुलांची पत्रे यायला सुरुवात झाली. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत, आईच्या मदतीने लिहिलेली. साऱ्यांची मागणी एकच, बुजगावण्याचे आणि लाकूडतोड्याचे पुढे काय झाले ते सांगा. बॉम यांनी पुढे लिहून ठेवले आहे की डोरोथी याच नावाच्या एका लहान मुलीला त्यांनी कबूल केले होते, हजार मुलींची हजार पत्रे आली तर दुसरे पुस्तक लिहीन. पत्रे आली. १९०४ साली दुसरे पुस्तक निघाले. या हृद्य हकिकतीत दुसऱ्या नाटकाच्या कमाईची आशाही मिसळलेली होती, हे सांगायला हवे. ते नाटक १९०५ मध्ये साफ पडले. पुस्तक मात्र मुलांनी डोक्यावर घेतले.

इथून पुढे जे झाले ते मला मोठे मौजेचे वाटते. दुसऱ्या पुस्तकात डोरोथी नव्हती, म्हणून मुलांनी तक्रार केली. १९०७ च्या तिसऱ्या पुस्तकात डोरोथी परतली. मग मुलांना जादूगार हवा होता, म्हणून फुग्यातून गेलेल्या त्या म्हाताऱ्याला १९०८ साली परत आणावे लागले. मग टोटो कुठे आहे अशी विचारणा झाली. १९०९ साली टोटो आला. ओझमध्ये कोंबडी बोलते, मांजर बोलते, तर टोटो मुका का, हाही प्रश्न निघाला, आणि त्याचा उलगडा १९१४ मध्ये झाला. टोटोला बोलता येत होते, त्याला बोलायचे नव्हते इतकेच! लाकूडतोड्याची एकेकाळची प्रेयसी कुठे गेली, हे मुले वर्षानुवर्षे विचारत राहिली. तिची गोष्ट १९१८ साली आली. पुस्तकांच्या प्रस्तावना वाचत गेले तर लेखक आणि वाचक यांच्यातला एक लांबलचक पत्रव्यवहारच समोर उभा राहतो. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या करमणुकीतून क्रमशः येत तेव्हा घरोघर पुढच्या अंकाची वाट पाहत असत, असे आपण वाचतो. पण हरिभाऊंच्या वाचकांनी एखाद्या पात्राला बोलायला लावल्याचे ऐकिवात नाही.

ही कथामाला बंद करण्याचा बॉम यांनी निकराचा प्रयत्न केला तो १९१० साली. सहाव्या पुस्तकात डोरोथीच्या काकांचे शेत कर्जात जाते. वावटळीने नेलेले घर पुन्हा बांधायला काढलेले कर्ज, फिटत नाही, बँक जमीन घेणार. डोरोथी काका-काकूंना कायमचे ओझमध्ये घेऊन जाते, आणि मग परक्यांच्या स्वाऱ्यांपासून वाचवण्यासाठी तो देश जादूने जगाच्या नजरेआड केला जातो. आता तिकडची बातमी येणे नाही, तेव्हा गोष्टही नाही. लेखकाने दाराला कडी घालून कुलूप लावले म्हणायचे. काकांच्या कर्जाचे ते प्रकरण इतके खरे उतरले आहे, याला कारण आहे. बॉम त्या वेळी स्वतः गळ्यापर्यंत कर्जात होते. १९०८ साली त्यांनी रंगीत चलच्चित्रे, काचेवरची चित्रे आणि वाद्यवृंद यांचा एक खेळ काढून गावोगाव नेला. पांढऱ्या सुटात ते स्वतः उभे राहून गोष्ट सांगत आणि पडद्यावर पात्रे हलू लागत. गर्दी झाली, पण खर्च उत्पन्नाच्या पलीकडे गेला. १९११ साली त्यांनी दिवाळे जाहीर केले. ओझच्या पहिल्या पुस्तकासारखे सोन्याचे अंडे देणारे पुस्तकही त्या देण्यापायी हातचे गेले. जगभर मुले ते वाचत होती आणि लेखकाला त्यातून पैही मिळत नव्हती. हॉलिवूडमधले घर मॉडच्या नावावर, तिच्या आईकडून आलेल्या पैशातले, म्हणून राहायला छप्पर राहिले. त्या घराला त्यांनी ओझकॉट हे नाव दिले होते.

ओझ मिटवून बॉम यांनी १९११ मध्ये समुद्रतळच्या पऱ्यांची आणि १९१२ मध्ये आकाशातल्या बेटाची अशी दोन नवी पुस्तके लिहिली. माझ्या मते आकाशातल्या बेटाचे पुस्तक ओझच्या निम्म्याअधिक पुस्तकांहून सरस आहे. पण मुलांनी त्यांना पूर्वीसारखे डोक्यावर घेतले नाही. पत्रे येतच राहिली आणि त्यांत ओझचीच मागणी. एका मुलाने तर तोडच सुचवली, ओझ नजरेआड असेना का, बिनतारी तारायंत्राने तिकडची बातमी मिळवता येईल! तेव्हा बिनतारी तारायंत्र ही नवलाईची गोष्ट. बॉम यांनी हार पत्करली, आणि त्याच युक्तीचा आधार घेऊन १९१३ साली ओझचे सातवे पुस्तक काढले.

त्याच वर्षी, मोठ्या पुस्तकाच्या आगेमागे, लहानग्यांसाठी ओझच्या सहा छोट्या गोष्टींच्या सहा पुस्तिका निघाल्या, आणि १९१४ साली त्या एकत्र बांधून एक संग्रह झाला. चित्रे नील या चित्रकाराची. मोठी पुस्तके अजून वाचता न येणारी मुले ओझच्या वाटेवर यावीत, हा प्रकाशकांचा सरळ व्यापारी हेतू. १९३० नंतरच्या दशकात यातल्याच काही गोष्टी जेलीच्या जाहिरातीसाठी पुन्हा छापून वाटल्या गेल्या. बॉम यांच्या चरित्रात या संग्रहाला दोन-चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो, कारण मी तो वाचकांवर पारखून पाहिला आहे.

त्याचे असे झाले. आमचे उचगाव कोल्हापूरच्या अगदी लगत, एका बाजूला महामार्ग आणि दुसरीकडे गांधीनगरची कापडपेठ. गाव आता निम्मे शहर झाले आहे. पण मे महिन्यात दिवे लागणीनंतर गल्लीतली पोरे कट्ट्यावर जमतात, ती अजून जमतात. गेल्या सुट्टीत मी त्यांना या सहा गोष्टी रोज एक याप्रमाणे मराठीत सांगितल्या. वये पाच ते अकरा. त्यांना बॉम ठाऊक नाहीत, ओझ ठाऊक नाही. ती मला ताई म्हणतात आणि गोष्ट आवडली नाही तर उठून जातात. याहून चोख टीकाकार मला आमच्या मराठी विभागातही भेटलेले नाहीत.

पहिल्या दिवशी भित्रा सिंह आणि भुकेला वाघ. या वाघाला सदा एक गुबगुबीत बाळ खावेसे वाटते, पण सदसद्विवेक आड येतो. एके दिवशी दोघे पहारा सोडून निघतात, आता खायचेच म्हणून. बाळ सापडते आणि वाघाची भूक पळते. पोरे खूश झाली. पण सर्वांत लहान पोरीने विचारले की मग वाघ जेवतो काय. यावर बराच खल होऊन शेवटी वाघाला भाकरी आणि दूध द्यायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी मात्र गोंधळ झाला. डोरोथी टोटोला घेऊन एकटीच भटकायला जाते. क्रिंकलिंक नावाचा राक्षस तिला पकडून भांडी घासायला लावतो. श्वास रोखून पोरे ऐकत होती. शेवटी कळते की राक्षस म्हणजे आपला जादूगारच. एकटीने भटकू नये हे शिकवायला त्याने सोंग घेतले होते. हे ऐकताच कट्ट्यावर नाराजी पसरली. राक्षस खोटा निघाला, म्हणजे फसवणूक झाली, असे एकमत. दहा वर्षांचा एक पोरगा तर म्हणाला की हे आईने सांगितल्यासारखे झाले. मला पहिल्या पुस्तकातली ती प्रतिज्ञा आठवली. तात्पर्य नको म्हणणाऱ्या लेखकाने तेरा वर्षांनी, दिवाळ्यातून उठताना, लहानांसाठी म्हणून तात्पर्याची पुडी बांधून दिली होती, आणि उचगावच्या पोराला ती शंभर वर्षांनंतरही दाताखाली लागली.

टिकटॉकची गोष्ट तीनदा सांगावी लागली. टिकटॉक हा तांब्याचा गोल यंत्रमानव. त्याला विचारांची, बोलण्याची आणि हालचालीची अशा तीन वेगवेगळ्या किल्ल्या द्याव्या लागतात. यंत्रमानव हा शब्दही रूढ नव्हता त्या काळात, १९०७ साली, बॉम यांनी तो कल्पिला. नव्या स्प्रिंगा आणायला तो खाणीतल्या नोम राजाकडे जातो. तापट राजा रागाच्या भरात त्याचे तुकडे तुकडे करतो. कारभारी गुपचूप तुकडे जोडतो, आणि मेलेला टिकटॉक चालत येताना पाहून राजाची बोबडी वळते. एकाने आजोबांचे किल्लीचे घड्याळ आणून दाखवले. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत खेळ सुरू झाला: एकजण बोलण्याची किल्ली संपल्याचे सोंग करून तोंड उघडे ठेवून उभा राहायचा, आणि इतरांनी पाठीत किल्ली फिरवायची.

खोडकर पिशाचांची गोष्ट भाषांतरात हातातून निसटते. इंग्रजीत पिशाचाला इम्प म्हणतात, आणि तो शब्द त्यांच्या नावांआधी जोडला की उद्धट, असभ्य अशा अर्थाचे शब्द होतात. मी आपला मराठी नकाराचा अ पिशाच केला: सभ्य, शिष्ट, विनयी ही तीन गुणी मुले, आणि त्यांच्या मानगुटीवर बसलेला अ. जादूगार त्यांची शेवटी बटणे करून टाकतो. पोरांना बटणे आवडली, अ कुणाच्याच लक्षात आला नाही. भोपळ्याच्या डोक्याचा जॅक हरवलेली मुले शोधायला रानात जातो त्या गोष्टीतला घोडा हा खरे तर लाकूड कापायची घोडी आहे, आणि मराठीत तिला घोडीच म्हणतात. मुद्दाम रचले असते तर इतके जमले नसते! गावातल्या सुताराकडची घोडी आता कधी पळेल याकडे पोरांचे लक्ष आहे.

शेवटची गोष्ट नदीची. बुजगावणे आणि लाकूडतोड्या नावेतून जातात, नाव उलटते. पत्र्याचा माणूस तळाला जातो, पिंजराचा माणूस तरंगत वाहत जातो. मला ही गोष्ट वाचताना साधीच वाटली होती. पण या पोरांपैकी मोठ्यांनी २०१९ आणि २०२१ चे पंचगंगेचे महापूर पाहिलेले. काय बुडते आणि काय तरंगते याचे त्यांचे ज्ञान माझ्याहून पक्के. भिजलेले पिंजर कुजते, म्हणजे आता बुजगावण्याचे काय, ही त्यांची खरी काळजी होती. नवे पिंजर भरले तर तो तोच राहतो का दुसरा होतो, असेही एकीने विचारले. हाच प्रश्न बॉम यांनी लाकूडतोड्याच्या पुस्तकात १९१८ साली पूर्ण ताकदीने हाताळला आहे, हे तिला कुठून ठाऊक असणार?

सहा गोष्टी संपल्या आणि सातवी कुठे आहे अशी मागणी सुरू झाली. या संग्रहात सहाच आहेत, लेखक कधीच वारले, असे मी सांगून पाहिले. त्याने काही फरक पडला नाही. दोन दिवस मी दुसऱ्या वाटेने घरी गेले. तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर पोरांनी स्वतःच सातवी रचायला घेतली होती, तीत टिकटॉक गांधीनगरात किल्ली विकत घ्यायला येतो आणि दुकानदार त्याला साडी देतो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर या सहांपैकी टिकटॉकची आणि नदीची एवढ्या दोनच गोष्टी बॉम यांच्या पुऱ्या उंचीच्या आहेत. बाकीच्या घाईत लिहिलेल्या, ओळखीच्या पात्रांच्या जोरावर चालणाऱ्या आहेत. पण वाचकाला अनेकदा ओळखीचेच भेटायला हवे असते. चांदोबातल्या विक्रमाने पुन्हा झाडाकडे जाऊन वेताळाला खांद्यावर घेतले की मगच आपल्याला बरे वाटायचे. गोष्ट नवी असो वा नसो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एका पुस्तकावर थांबला नाही, तो असाच. लेखकाला हे जाचते, आणि त्याच जाचावर त्याचे घर चालते.

बॉम यांचे घर आता त्यावरच चालले होते. १९१४ साली त्यांनी मित्रांसह चित्रपटसंस्था काढली, ओझच्याच गोष्टींवर चित्रपट केले. आपल्याकडे फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र त्याच्या आदल्याच वर्षी लागला होता. फाळक्यांना अद्भुत पाहायला सारे घर येत असे. बॉम यांचे चित्रपट मात्र पोरांचे म्हणून थिएटरवाल्यांनी बाजूला सारले. संस्था बुडाली. सुदैवाने या खेपेस स्वतःचे पैसे फारसे अडकलेले नव्हते. मग दरवर्षी ओझचे एक पुस्तक, असा क्रमच पडून गेला. आकाशातल्या बेटाची आवडती पात्रेही १९१५ साली त्यांनी ओझमध्येच आणून सोडली, तीही मुलांच्या पत्रांवरून.

ओझकॉटच्या बागेत ते डेलिया आणि शेवंती लावीत, प्रदर्शनात बक्षिसे मिळवीत, पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्याशेजारी बसून लिहीत. छातीतली कळ वाढत चालली होती. १९१८ च्या आरंभी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर ते बहुतेक अंथरुणालाच खिळले. तिथे पडल्या पडल्या ते लिहीत आणि मुलांच्या पत्रांना उत्तरे देत. पुढची दोन पुस्तके लिहून त्यांनी सुरक्षित ठेवून दिली होती. आपल्यामागे वर्ष-दोन वर्षे तरी मुलांना रिकाम्या हाती राहावे लागू नये, अशी ती तजवीज होती.

६ मे १९१९ रोजी, त्रेसष्टावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना, बॉम गेले. मराठी वाङ्मयानेही त्याच वर्षी जानेवारीत गडकरी आणि मार्चमध्ये हरिभाऊ आपटे गमावले होते. ठेवून दिलेल्या पुस्तकांपैकी शेवटचे, चौदावे, १९२० साली निघाले. ते संपले आणि मुले पुन्हा पुढचे मागू लागली. प्रकाशकांनी रूथ प्लमली थॉम्प्सन या तरुण लेखिकेला गाठले. ती स्वतः बॉम यांची पुस्तके वाचत मोठी झालेली होती. १९२१ पासून तिने ओझची एकोणीस पुस्तके लिहिली. त्यातल्या पहिल्या पुस्तकावर मात्र प्रकाशकांनी नाव छापले ते बॉम यांचेच.